करडी हॅट आणि चार डांबरगोळ्या

मी व्हरांड्यातल्या तिसऱ्या खिळ्यावरची हॅट बोलतेय. करड्या रंगाची, काळ्या फितीची. डाव्या अंगाला करंगळी जाईल एवढं भोक आहे. ते आधीच बघून घ्या, म्हणजे पुढं ऐकताना तुमची नजर सारखी तिकडं जाणार नाही.

येणारे-जाणारे म्हणतात, "इंग्रजांच्या वक्ताची दिसतीया." मी गप्प बसते. माझा जन्म एकोणीसशे चौऱ्याण्णवचा. मी जुनी नाही, मला जुन्यासारखी केलेली आहे.

कोल्हापुरात पापाच्या तिकटीच्या मागच्या बोळात पिराजी टोपीवाल्यांचं दुकान होतं. जन्मभर त्यांनी काळ्या टोप्या केल्या, बँडवाल्यांच्या टोप्या केल्या. एके दिवशी फौंड्रीत काम करणारा एक तरणा माणूस कागदात काहीतरी गुंडाळून घेऊन आला. त्याचं नाव प्रसेनजीत. कागद उलगडला तर आत एक हॅट, पण सगळी भोकंच भोकं.

"पावणं, पीठ चाळायला आणलीसा काय ही?" पिराजी म्हणाले.

तो हसला नाही. "वडलांची हाय. ट्रंकंत हुती. ते वारल्यावर तीन वर्षांनी उघडली. कसरीनं खाल्ली."

मग त्यानं फोटो दाखवला. त्याचे वडील भाऊसो, बांधकाम खात्यात कारकून, कोट घालून उभे आणि डोक्यावर ती हॅट. भाऊसोंच्या बापाला गावात बड्यांच्या दारावरून जाताना मुंडासं काढून काखेत धरावं लागायचं. छप्पन साली घरानं धम्म घेतला आणि पहिल्या पगारात भाऊसोंनी हॅट घेतली. ती घालून ते त्याच रस्त्यानं चालत गेले. म्हणायचे, डोक्यावर हॅट असली की मान आपसूक वर राहते.

पिराजींनी हातातलं काम बाजूला ठेवलं. लोकर दाबून केलेला नमदा वाफेवर मऊ केला, डोक्याच्या आकाराच्या लाकडी कालबुतावर चढवून दोरीनं आवळला, दोन दिवस वाळवला. काठाला इस्त्री दिली, आत कातड्याची पट्टी शिवली. शेवटी चहाच्या पाण्याचा हात फिरवून माझा नवेपणा घालवला. मी फोटोतल्यासारखी दिसायला लागले.

"एक ध्यानात ठेवा," देताना ते म्हणाले. "ही घालत जावा. डोक्यावरच्या टोपीला कसर लागत न्हाय. ऊन लागू दे, वारं लागू दे, घाम लागू दे."

प्रसेनजीतनं मान हलवली. मान हलवणं आणि ऐकणं ह्यातला फरक मला तेव्हा ठाऊक नव्हता.

त्यानं मला एकदा घातलं. रंकाळ्यावर नेलं, फोटो काढला. पाण्यावरचं वारं माझ्या काठाखालून गेलं आणि त्यानं मला घट्ट धरलं. घरी आल्यावर काचेच्या कपाटात ठेवलं, कुलूप लावलं आणि किल्ली पँटच्या चोरखिशात घातली. पहिली खाल्ली गेली, ही जाऊ द्यायची नाही, एवढंच त्याच्या मनात होतं. म्हणून माझ्या पोटात त्यानं चार डांबरगोळ्या टाकल्या.

मग त्याला नादच लागला. जुन्या बाजारातून, बंद पडलेल्या एका सिनेमा स्टुडिओच्या कपडेपटातून तो हॅटी आणायचा. गवताची, शिकाऱ्याची टोपडी, चौकड्याची चपटी, एक तर उन्हाळी पांढरी. चार वर्षांत आम्ही सतरा जणी झालो. प्रत्येकीखाली चिठ्ठी, प्रत्येकीच्या पोटात चार गोळ्या. रविवारी तो आम्हाला बाहेर काढायचा, ब्रशनं पुसायचा, परत आत ठेवायचा. घालायचा मात्र नाही. कंपनीत डोक्यावर पिवळं हेल्मेट आणि रस्त्यानं उघडाच.

तुम्ही कधी डांबरगोळीच्या वासात राहिलाय? तो वास आधी नवा वाटतो, मग टोचतो, मग तुमचाच होऊन जातो. काचेतून रस्ता दिसायचा. माणसं चालत जायची, त्यांच्या डोक्यावर ऊन असायचं. मी बघत बसायचे.

अठ्ठ्याण्णव साली रूपाली सून होऊन आली. कागलच्या बाजूची, सातवी शिकलेली, हाताला चटपटीत. सिद्धार्थनगरातल्या त्या दोन खोल्यांत पुढची खोली आमच्या कपाटानं निम्मी अडवली होती. तिला शिवणक्लासला जायचं होतं. सासू सोनूबाई म्हणाली, "लेकरू हुंदे, मग बघू." रूपाली रोज बाहेरून काच पुसायची, पुसता पुसता तीही रस्ता बघायची.

लेकराची चाहूल लागली तेव्हा सोनूबाईनं भाऊसोंच्या मऊ झालेल्या धोतराची कुंची शिवली, चार दुपटी शिवली. आता ती ठेवायची कुठं? घरात झुरळं, उंदीर.

"हॅटीच्या कपाटात ठिवा की," सोनूबाई म्हणाली. "तिथं मुंगीसुदीक फिरकत न्हाय."

प्रसेनजीतनं दुपटी खाली ठेवली आणि कुंची घडी करून माझ्या पोटात ठेवली. आजोबांच्या धोतराची कुंची आजोबांच्या हॅटीत. त्याचे डोळे भरून आले होते. अडीच महिने ती कुंची मी सांभाळली. खोटं कशाला बोलू, मला फार मिरवल्यासारखं वाटत होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझा कुणाला उपयोग होत होता.

बाळंतपण माहेरी झालं. सव्वा महिन्यानं रूपाली आर्यनला घेऊन आली. सोनूबाईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि दारातच नातवाला कुंची घातली. धुतली नाही. कोरीच घालायची, अशी तिची हौस.

तिसऱ्या दिवशी रूपाली लंगोट हातात घेऊन उभी राहिली. "आत्ती, हे बघा. चहात बुडीवल्यागत झालंय."

लेकराचे डोळे पिवळे, ओठ पांढरे. अंगावर ओढत नव्हतं. शेजारची शालूबाई येऊन म्हणाली, "कावीळ हाय ही. पल्याडच्या गल्लीत माळ मिळतीया, घाला जावा."

"माळबीळ न्हाय आमच्यात," सोनूबाई म्हणाली. "रिक्षा बोलीव. दवाखान्यात चला."

अकरा दिवस घर बंद होतं. मला काहीच कळत नव्हतं. कुंची माझ्या पोटातून गेली, त्या जागी फक्त गोळ्या उरल्या होत्या.

परत आले तेव्हा लेकरू सुकून मूठभर झालं होतं, पण होतं. रूपाली शालूबाईला सांगत होती, ते मी काचेतून ऐकलं.

"डॉक्टरीणबाईनं कुंची नाकाला लावली. म्हणल्या, डांबरगोळीत ठेवलेली का ही? काही काही लेकरांच्या रगताला त्यो वास सोसत न्हाय म्हणं. रगत फुटतं आतल्या आत. ह्याच्या अंगात दुसऱ्याचं रगत भरलंय, वैनी. अजून एक दिवस गेला असता तर..."

"मीच घातली की गं," सोनूबाई म्हणाली. "ह्याच हातानं."

"तुमाला काय ठावं हुतं, आत्ती."

कुणालाच ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. पण वास माझ्या पोटातला होता. सोनूबाईला निदान रडता तरी आलं.

त्याच दिवशी प्रसेनजीतनं सगळ्या गोळ्या काढून लांब नेऊन टाकल्या. कपाट आठवडाभर उघडं ठेवलं. तेव्हापासून रूपालीला एक सवय लागली. उठली की आधी लेकराचे डोळे बघायचे, मग घरभर वास घ्यायचा. पांघरुणाला, ट्रंकेला, आमच्या कपाटाच्या फटीला.

पावसाळा संपता संपता कसर आली. चौकड्याच्या चपटीला आधी लागली, मग मला. अळी केसाएवढी असते, पण खाताना कळतं. एका रविवारी प्रसेनजीतनं माझं भोक बघितलं आणि त्याच्या कडेनं बोट फिरवलं. बापाची पहिली हॅट त्याच्या डोळ्यापुढं आली असणार. मला त्याचा राग येत नाही, आजही येत नाही.

दिवाळीत, घरात कुणी नाही असं बघून, त्यानं माझ्या आतल्या कातडी पट्टीमागं चार गोळ्या सरकवल्या. "चारच," तो मला म्हणाला. "वरच्या कप्प्यात. पोराचा हात पोचत न्हाय. वास किती यील?" आणि कुलूप लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रूपाली कपाटाशी थांबली. "अहो, वास येतोय."

"जुना हाय. लाकडात मुरलाय."

"कालपतोर नव्हता."

"तुझ्या नाकात बसलाय त्यो, दवाखान्यापास्नं," सोनूबाई म्हणाली. तिला खरंच माहीत नव्हतं. "सारखी हुंगत हिंडतीस. लोकं हसत्यात."

रोज तेच. रूपाली विचारायची, तो नाही म्हणायचा, सासू समजूत घालायची. हळूहळू तिनं विचारणं सोडलं. काचेशी यायची, वास घ्यायची, आणि स्वतःच मान हलवून जायची. एकदा तिनं शालूबाईला विचारलं, "वैनी, माणूस असंच येडं हुतं काय हो?"

मी काचेच्या ह्या बाजूला होते. बाई, तुझं नाक खरं आहे, एवढंच मला सांगायचं होतं. चार शब्द. मला तोंड नाही आणि कपाटाला कुलूप.

आर्यन नऊ महिन्यांचा झाला. रांगायचा, दिसेल ते तोंडात घालायचा. रविवार होता, सकाळचे दहा वाजले असतील. रूपाली खाली बसून तांदूळ निवडत होती. प्रसेनजीतनं मला काढलं, फीत पुसायला डाव्या अंगावर कलती केली. गोळ्या झिजून आता वाटाण्याएवढ्या झाल्या होत्या आणि माझं भोक तेवढंच वाढलं होतं. पट्टीमागून एक गोळी सुटली, भोकातून खाली पडली, फरशीवरून गडगडत गेली.

पांढरी, गोल. पेपरमिंटसारखी. आर्यननं ती उचलली.

रूपालीचं सूप उडालं. तांदूळ घरभर झाले. तिनं बोट लेकराच्या ओठात घालून गोळी बाहेर ओढली, तोंड पदरानं पुसलं, जीभ बघितली, परत पुसलं. लेकरू घाबरून रडायला लागलं. मग ती उठली, गोळी प्रसेनजीतच्या तळहातावर ठेवली.

"नाकाला लावा."

तो उभाच.

"लावा की."

त्यानं लावली.

"काय येतंय?"

"वास."

"कदीपास्नं?"

"दिवाळीपास्नं."

"तीन महिने," रूपाली म्हणाली. आवाज चढला नव्हता. "तीन महिने मी स्वतःला येडी समजत हुतो. तुमी रोज माझ्या तोंडाकडं बघून न्हाय म्हणत हुता."

सोनूबाई आतून आली. सांडलेले तांदूळ, गोळी, मला, सगळं तिनं बघितलं. सुनेला म्हणाली, "माझंबी चुकलं." मग लेकाकडं वळली. "तुझ्या बानं हॅट घेतली ती रस्त्यानं चालायला. तू घातलीस कदी? एकदा. फोटुपुरती."

"कसर लागती, आई."

"लागू दे," रूपाली म्हणाली. "हॅटीला लागू दे."

प्रसेनजीतनं माझी आतली पट्टी उलटी केली. मग उरलेल्या तीन गोळ्या काढल्या. संध्याकाळी व्हरांड्याच्या भिंतीत खिळे ठोकले. सतरा खिळे मावले नाहीत. नऊ जणी बाहेर आलो, बाकीच्या त्यानं ज्यांना हव्या त्यांना देऊन टाकल्या. कपाटाची काच काढली. आता त्यात रूपालीचं शिवणाचं सामान असतं. सोनूबाईनंच तिला क्लासला धाडलं, लेकरू स्वतः सांभाळून.

दुसऱ्या दिवशी तो मला घालून कामावर निघाला. नाक्यावर कुणीतरी ओरडलं, "आला बघा साहेब, इलायतेस्नं." त्याची मान जरा लाजली, मग सरळ झाली. मला ते आतून कळलं.

हे सगळं सांगायला आता दोन हजार पाच उजाडलंय. प्रसेनजीत कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत जातो, आम्ही आळीपाळीनं त्याच्या डोक्यावर बसून बसपर्यंत जातो. आर्यन पहिलीला आहे. त्याच्या रक्ताला कुठली औषधं सोसत नाहीत त्याची चिठ्ठी रूपालीच्या पर्समध्ये असते, आणि सकाळी डोळे बघणं अजून सुटलेलं नाही. सुटणारही नाही.

परवा चैत्रातल्या उन्हात तिनं गच्चीवर मिरच्या वाळत घातल्या. ऊन रणरणत होतं. खाली आली, तिसऱ्या खिळ्यावरून मला काढलं. आधी माझ्यात नाक खुपसलं. आत घाम होता, खोबरेल होतं, धूळ होती. दुसरं काही नव्हतं. मग तिनं मला पदरावरून डोक्यावर घातलं आणि वर गेली.

पलीकडच्या गच्चीवरून शालूबाई म्हणाली, "अगं रूपाली, मडमीण हून कुठं निघालीस?"

"मिरच्या राखायला."

"आई, तू पप्पागत दिसतीस," आर्यन म्हणाला.

"दिसू दे."

ती मिरच्यांच्या कडेला उभी राहिली. गच्चीवरून सगळा रस्ता दिसत होता, थेट हायवेपर्यंत. तिची मान वर होती.

पिराजी म्हणाले होते ते खरं निघालं. नवी कसर लागली नाही. जुनं भोक मात्र काठानं उसवत चाललंय. अजून पाच-सहा उन्हाळे निघतील, मग माझीही चाळण होईल. होऊ दे. तोवर मला घालत जा. आणि कधी कुणाला प्रेमानं मला कपाटात ठेवावंसं वाटलंच, तर एवढं करा, माझ्या पोटात लेकराचं काही ठेवू नका.