मामांची एकोणीस नंबरची काच

मित्रांनो, मामांच्या थोरल्या लेकीला जुळं झालं, त्या वर्षी मला खोक्यातून काढून दातांच्या दवाखान्यातल्या तपासणीच्या खोलीत मांडलं. आज मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. माझा स्क्रू झिजला आहे आणि उजव्या भिंगावर बुरशी चढली आहे. तेव्हा मात्र मी नवाकोरा होतो, आणि मला दुसऱ्या कोणी हात लावलेला मामांना खपत नसे.

मामा तिथले तंत्रज्ञ. तोंडातून काढलेल्या गाठी मेणात बसवायच्या, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ कापायच्या आणि काचेवर चढवून रंगवायच्या, हे त्यांचं काम. डॉक्टरबाई साध्या, निरुपद्रवी गाठींचा अभ्यास करत. पेशींना 'वाढा' असा हुकूम सोडणारे पदार्थ शरीरात असतात. ते जिथे जास्त, तिथे तपकिरी रंग गडद उमटतो. "हा कधी खोटं बोलत नाही," असं बाई माझ्याविषयी म्हणाल्या, तेव्हा माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

एकोणीस नंबरची काच मामांच्या स्वतःच्या गाठीची होती. तुटक्या दाढेचा काठ गालाला घासून ती आली होती. रंग फिका, गाठ साधी. मामांनी सगळ्यांना चहा पाजला.

चार वर्षांनी त्याच गालात पुन्हा काहीतरी टणक लागू लागलं. एकदा मामी डबा घेऊन आल्या आणि दारातूनच बोलू लागल्या.

"अहो, घास गिळवत नाही तुम्हाला. बाईंना दाखवा की!"

"तीच गं ती जुनी. पाळलेली आहे, चावत नाही."

"जगाच्या गाठी बघता डोळे फुटेस्तोवर, आणि स्वतःच्या तोंडाला कुलूप!"

मामी गेल्यावर मामांनी कपाटातून एकोणीस नंबर काढली आणि माझ्याखाली ठेवली. रंग फिकाच. "गरीब गाय आहे," ते पुटपुटले. मग रोज सकाळी तेच. दुसऱ्या कोणी असं केलं असतं, तर मामांनीच त्याला फैलावर घेतलं असतं. मला वाचा असती, तर म्हणालो असतो, 'मामा, ही काच चार वर्षांपूर्वीची आहे. आजचा तुकडा ठेवा.' पण समोर ठेवाल तेवढंच मी दाखवतो.

सहा महिन्यांनी बाईंनी त्यांना दटावून खुर्चीत बसवलं. नवा तुकडा माझ्याखाली आला. ती जुनी गाठ नव्हतीच. तो कर्करोग होता. बाई मामांकडे वळल्या.

"मामा, इतके दिवस करत काय होतात?"

"बघत होतो की, बाई. रोज बघत होतो."

मित्रांनो, माझी भिंगं पुसली नाहीत तरी चालेल. पण घरात कोणाच्या तोंडात गाठ किंवा जखम दोन आठवड्यांहून जास्त टिकली, तर हट्ट धरून डॉक्टरांकडे न्या. जुना निकाल कितीही चांगला असो, तो त्या दिवसापुरता असतो.

मामा पुढच्या वर्षी फेब्रुवारीच्या अकरा तारखेला, मंगळवारी दुपारी वारले. नोकरीची दोन वर्षं उरली होती.