सात वाजताची नावं

मी बोलतोय, पण माझ्या बोलण्यावर चटकन विश्वास ठेवू नका, हे आधीच सांगून ठेवतो. मी रेडिओ आहे. माझ्या तोंडून जे बाहेर पडतं ते दुसऱ्याच कुणीतरी आत घातलेलं असतं. घालणाऱ्याचा हेतू काय, हे मला आजवर एकदाही कुणी सांगितलेलं नाही.

माझा जन्म १९३७ सालचा, फिलाडेल्फियातल्या एका कारखान्यातला. अक्रोडाच्या लाकडाची कमरेइतकी उंच पेटी, पोटात बल्बसारखे काचेचे अकरा व्हॉल्व्ह आणि कपाळावर एक हिरवा डोळा. केंद्र नीट लागलं की हा डोळा बारीक होतो, संशयी माणसाचा होतो तसा.

मला विकत घेतलं वॉल्टर टटलने. पेनसिल्व्हेनियातल्या हार्लन्स फोर्ड या गिरणीच्या गावात, कूपर स्ट्रीटवर त्याचं घर होतं. त्याला लांबची केंद्रं पकडायचा नाद. लघुलहरींवर खरखरीतून एखादा आवाज सापडला की काय ऐकलं ते पोस्टकार्डावर लिहायचं, त्या केंद्राला पाठवायचं आणि पोच आली की ती माझ्यावरच्या भिंतीला टाचायची. लिस्बन, क्विटो, हवाना. बर्लिनचीही एक पोच होती. तेव्हा तिच्याकडे कुणी वाकड्या नजरेने पाहत नसे.

१९४० च्या थंडीत वॉल्टर न्यूमोनियाने गेला. मागे राहिली त्याची बायको अ‍ॅग्नेस, मी आणि कोऱ्या पोस्टकार्डांचा अर्धा खोका.

मग लढाई आली. नवे रेडिओ बनवणं बंद झालं. व्हॉल्व्ह बाजारातून नाहीसे झाले. दुकानदार म्हणे, "आहे तो जपा." अ‍ॅग्नेस दिवसा गिरणीत सैन्याच्या शर्टांना खिसे शिवी आणि संध्याकाळी मला मोजकाच वेळ लावी.

त्या काळात आमच्या बाजूने मी जे सांगत होतो, तेही काही धुतल्या तांदळासारखं नव्हतं. बुडालेलं जहाज मी तीन आठवड्यांनी बुडवत असे, तेही साबणाच्या दोन जाहिरातींच्या मधे. निवेदक भारदस्त आवाजात सांगे की मांसाचे भाव सरकारने बांधून दिलेत, जास्त देऊ नका, जास्त घेऊ नका. त्याच संध्याकाळी शेजारची मर्टल बीझली येऊन कुजबुजे.

"खाटकाच्या फळीवर आज नुसता बर्फ आहे. पण मागच्या दाराने गेलीस आणि त्याच्या बायकोच्या टोपीचं कौतुक केलंस, तर चॉप मिळतात."

"काय भावाने?"

"भाव विचारायचा नसतो, अ‍ॅग्नेस. टोपीबद्दल बोलायचं."

टपालकचेरीत, न्हाव्याकडे, गिरणीच्या फाटकावर, जिकडे तिकडे तोंड बंद ठेवा म्हणून चित्रं लागली होती. परिणाम एवढाच झाला, की पूर्वी लोक जे मोठ्याने बोलत ते आता हळू आवाजात बोलू लागले. आणि हळू आवाजात सांगितलेली गोष्ट कुणी तपासून पाहत नाही, हे मी शपथेवर सांगू शकतो.

१९४३ च्या वसंतात एके संध्याकाळी सात वाजता अ‍ॅग्नेसने माझा काटा वॉल्टरच्या जुन्या जागांवरून सहज फिरवला आणि बर्लिन लागलं. स्वच्छ इंग्रजी, मधाळ आवाज. तुमचे पुढारी चोर आहेत, तुम्ही साखरेच्या रांगेत उभे आणि ते मेजवान्या झोडताहेत. असं अर्धा तास. ती मला बंद करणार, तेवढ्यात तोच आवाज नावं वाचू लागला. आमच्या पकडलेल्या सैनिकांची नावं. प्रत्येकाचा आठ आकडी लष्करी नंबर, आईचं नाव, घरचा पत्ता.

हा गळ होता. नावं ऐकायची तर आधीचं विष पचवायला हवं. मला ते कळलं, अ‍ॅग्नेसलाही कळलं. तरी तिने पेन्सिल घेतली.

दुसऱ्या दिवसापासून वॉल्टरच्या खोक्यातली कार्डं जाऊ लागली. मजकूर ठरलेला असे. "मी तुम्हाला ओळखत नाही. काल शत्रूच्या रेडिओवर तुमच्या मुलाचं नाव ऐकलं. तो कैदेत आहे आणि जिवंत आहे, असं ते म्हणाले. ते खोटं बोलतात हे मला माहीत आहे. तरी कळवते."

उत्तरं येऊ लागली. कॅन्ससहून एका बाईने वाळवलेली फुलं पाठवली. मेन राज्यातल्या एका बापाने विचारलं, "यात तुमचा फायदा काय?" अ‍ॅग्नेस ते वाचून हसली, पण मला त्या बापाचं नवल वाटलं नाही. मीसुद्धा हेच विचारलं असतं.

मर्टलचा नवरा ऑर्व्हिल बीझली आमच्या गल्लीचा हवाई रक्षक होता. पांढरं हेल्मेट, दंडावर पट्टा, गळ्यात शिट्टी. हार्लन्स फोर्डवर बाँब टाकायला कुणी येणार नव्हतं, पण दिवेबंदीत कुणाच्या पडद्याला फट राहिली हे पाहायला ऑर्व्हिल येई. अशाच एका फटीतून त्याने माझा आवाज ऐकला. आकड्यांमागून आकडे, आणि अ‍ॅग्नेस ते उतरवून घेतेय. वर भिंतीला बर्लिनचं कार्ड. पोस्टमन म्हणालाच होता, बाई रोज परगावच्या अनोळखी लोकांना कार्डं टाकते.

ऑर्व्हिलने वर कळवलं आणि जिल्ह्याच्या गावाहून दोन सरकारी सूटवाले आले. त्यांनी माझी पाठ उघडली, आत बॅटरीने पाहिलं, खोका उपसला, उत्तरं वाचली.

"ऐकायला बंदी नाही," त्यातला एक म्हणाला. "पण कार्डं बंद करा. शत्रूच्या थापा तुम्ही फुकटात पोचवताय."

"मग तुम्ही कळवा त्या आयांना."

"आमची एक पद्धत आहे, बाई."

"तिला किती दिवस लागतात?"

त्याने वही मिटली.

ते समाधानाने गेले, पण ऑर्व्हिलचं समाधान झालं नाही. दुसऱ्याच दिवशी तो हेल्मेट घालून दारात उभा राहिला. वीस वर्षांपासूनचा शेजारी, पण हेल्मेट चढलं की तो अ‍ॅग्नेसला अहो-जाहो करी.

"टटलबाई, ते आकडे कसले ते मला कळलेलं नाही."

"सैनिकांचे नंबर आहेत, ऑर्व्हिल. तुझ्या पोरालाही, लेलंडलाही आहे तसा."

"असं तुम्ही म्हणता. गिरणीत सैन्याचे शर्ट शिवतात. शंका असलेलं माणूस तिथे ठेवत नाहीत. मी फोरमनशी बोलायला हवं का?"

अ‍ॅग्नेसचं पोट त्या शिलाईवर होतं. ती बाजूला झाली. ऑर्व्हिल खिशातून स्क्रूड्रायव्हर काढून माझ्या मागे गुडघे टेकून बसला.

"तो स्क्रूड्रायव्हर वॉल्टरचा आहे," ती म्हणाली. "तू नेऊन चार वर्षं झाली."

त्याने एक व्हॉल्व्ह काढला, रुमालात गुंडाळला. "लढाई संपली की परत मिळेल."

मी मुका झालो. त्या महिन्यांत माझ्यावर फुलदाणी आली, मग इस्त्रीचे कपडे आले. सात वाजले की अ‍ॅग्नेस घड्याळाकडे बघे आणि उगाच काहीतरी पुसायला घेई.

१९४४ च्या जानेवारीत बीझलींच्या घरी तार आली. लेलंड, त्यांचा एकुलता एक मुलगा, बाँबफेकी विमानात मशीनगनवर होता. विमान जर्मनीवरून परतलं नाही. बेपत्ता.

मर्टल आता टोप्यांबद्दल बोलत नसे. ती येई आणि माझ्यासमोर बसे, जणू मी आजारी माणूस आहे.

"व्हॉल्व्ह कुठे ठेवलाय सांगत नाही गं. मोज्यांचा खण पाहिला, शेड पाहिली. विचारलं की म्हणतो, त्यांच्या तोंडून पोराचं नाव ऐकायचंय तुला?"

"ऐकायचंय का?"

"कुत्र्याच्या तोंडून ऐकायचीसुद्धा तयारी आहे माझी."

मार्चमध्ये एका रविवारी ऑर्व्हिल आला. डोक्यावर हेल्मेट नव्हतं. हातात तीन पोस्टकार्डं होती. एक नेब्रास्कातल्या शिक्षिकेचं, एक बॉस्टनच्या दातांच्या डॉक्टरचं, तिसरं कुणा अकरा वर्षांच्या मुलीचं, पेन्सिलीने लिहिलेलं. तिघांनी एकाच दिवशी, सात वाजता, लेलंडचं नाव ऐकलं होतं.

"कोण लोक आहेत हे?" तो म्हणाला. "माझा पत्ता यांना कुणी दिला? यांचा यात फायदा काय?"

अ‍ॅग्नेसने कार्डं घेतली. "या मुलीने बीझली चुकीचं लिहिलंय."

"पण नंबर तिघांचा एकच आहे."

"तुझ्याकडच्या नंबराशी ताडून पाहिलास?"

"पाहायला कशाला लागतंय." आणि तो खाली बघून म्हणू लागला, "एक तीन एक शून्य, सात सात चार दोन." फटीतून ऐकले होते तसलेच आठ आकडे. मग त्याने ते पुन्हा एकदा म्हटले.

मग त्याने कोटाच्या आतल्या खिशातून रुमाल काढला. व्हॉल्व्ह तिथे होता, रोज त्याच्या अंगावर. म्हणूनच मर्टलला सापडला नव्हता.

"मी नेला नसता, तर तूच ऐकलं असतंस," तो म्हणाला. "त्याच रात्री. अ‍ॅग्नेस, तुझ्याकडे कार्डं उरलीत का?"

वॉशिंग्टनहून बीझलींना पत्र आलं की शत्रूच्या प्रसारणावरून काहीही सिद्ध होत नाही. ते खरंच होतं. आमच्या एका कार्डातला आयोवाचा मुलगा कार्ड पोचण्याआधीच मेलेला निघाला. त्याच्या आईने लिहिलं, "ती चार महिन्यांची आशा तुमच्याकडे परत मागू की तुमचे आभार मानू, ठरत नाही." अ‍ॅग्नेसने ते पत्र बर्लिनच्या कार्डाशेजारी टाचलं. ऑर्व्हिल तरी रोज सातला येई आणि नावं उतरवून कार्डं लिही. समोरच्या घरातूनही आमच्यावर नजर असे; तिथला पडदा आता आमच्या दोघांऐवजी ऑर्व्हिल धरून तिघांसाठी हले.

लेलंड परतला १९४५ च्या जूनमध्ये. काठीसारखा झालेला. माझ्यासमोर जमिनीवर बसून त्याने सांगितलं, की छावणीत पहिल्या आठवड्यात एक अधिकारी कागद घेऊन आला. नाव, नंबर, घरचा पत्ता द्या, आम्ही रेडिओवर वाचू.

"डाव असणार म्हणून मी दिला नाही," तो म्हणाला. "पप्पा, तुम्हीच शिकवलंत ना, कुणाला काही सांगायचं नाही. महिनाभर नाहीच म्हणालो. शेजारच्या खाटेवरचा तर शेवटपर्यंत नाही म्हणाला. मग एकदा आईच्या हातचं अ‍ॅपल पाय स्वप्नात आलं आणि सकाळी जाऊन लिहून दिला."

ऑर्व्हिल उठला आणि परसात गेला.

याला आता आठ वर्षं झाली. अ‍ॅग्नेस बहिणीकडे ओहायोला गेली. मी बीझलींच्या गॅरेजमध्ये आहे. पोटात उंदरांचं घर, हिरवा डोळा विझलेला. दिवाणखान्यात टेलिव्हिजन आहे. त्याचा आवाज इथवर येतो. तोही हल्ली नावं वाचतो, कम्युनिस्ट असल्याचा संशय असलेल्यांची. कोण कुठल्या सभेला गेला होता, कुणाच्या घरी कसली पुस्तकं आहेत. गावात पुन्हा हळू आवाजात बोलणं सुरू झालंय.

त्यावर विश्वास ठेवा असं मी म्हणणार नाही. माझ्यावरही नका ठेवू. पण एखादं नाव वाचलं गेलं, तर पडद्याच्या फटीतून बघण्याआधी एक काम करा. त्या माणसाच्या घरी एक पोस्टकार्ड टाका. काय ऐकलं ते लिहा, आणि ते खोटं असू शकतं हेही लिहा.