पाणक्याचं उत्तर

"हात उजेडात धर. बोटं मिटू नकोस."

खिडकीपाशी उभ्या असलेल्या मुलीने तळहात पुढे केला. त्यावर बारीक, खरखरीत ठिपके होते. बागेतल्या दांड्यांना लोंबकळून आलेले घट्टे, असं घरात सगळ्यांनीच ठरवून टाकलं होतं.

"कशाला गं आई फोटो?"

"ऑफिसात लागतोय."

"माझा हात?" मुलगी भलतीच खूश झाली.

आत सासूबाई पिण्याचं पाणी उकळत होत्या. चांगलं खळखळून उकळायच्या. कोणी कंटाळा केला की घर डोक्यावर घ्यायच्या.

ऑफिसात सगळे मुलीच्या आईला सुगरण म्हणत. नाव लपवून इंटरनेटवर लिहिणाऱ्यांचा माग काढणारं ते सरकारी खातं, आणि तिथे आमिष रांधायचं काम तिचं. समोरच्याला सोबतचा फोटो उघडल्यावाचून राहवणार नाही, असा निरोप ती लिहायची. फोटो उघडला की त्याच्या कॉम्प्युटरमधलं नाव, पत्ता, सगळं खात्याच्या हाती. आपल्या हातच्या या चवीचा तिला अभिमान होता आणि तो ती लपवतही नसे.

'पाणक्या' मात्र कशालाच बधत नव्हता. या नावाने कोणीतरी लिहीत होतं की शहराच्या नव्या बोअरच्या पाण्यात आर्सेनिक आहे, विष आहे. खातं म्हणत होतं, अफवा. त्याची स्तुती करून झाली, शिव्या देऊन झाल्या, पुरावे देतो म्हणून झालं, पठ्ठ्या ढिम्म. पाठवलेलं काही उघडायचाच नाही. फक्त एकदा कुणा आईने बाळाच्या तब्येतीचं विचारलं, तेव्हा तो दिवसभर तिला धीर देत बसला होता. सुगरणीने ते बरोबर हेरलं. नेटवरून उचललेला फोटो त्याने न उघडताच, निरोपात दिसणाऱ्या छोट्या चित्रावरून ओळखला असता, म्हणून तिने घरचाच हात घेतला.

"दादा, मुलीच्या हातावर हे आलंय. पाण्याने असेल का? फार भीती वाटते."

तिला भीती वगैरे काही वाटत नव्हती. निरोप फक्कड जमला होता.

जेवणाच्या सुट्टीआधीच त्याने फोटो उघडला. साहेब स्वतः तिच्या टेबलापाशी आले.

"सुगरणबाई, मानलं तुम्हाला! घरभेदीच निघाला की. आपल्याच पाणी तपासायच्या प्रयोगशाळेतला. गाडी निघालीसुद्धा."

"इतक्यात?"

"मग काय, मुहूर्त काढत बसू?"

सगळे हसले. कोणीतरी चहा सांगितला. त्या गडबडीत तिच्या पडद्यावर पाणक्याचं उत्तर आलं.

"ताई, घाबरू नका, पण वेळही घालवू नका. लोकांना हे घट्टे वाटतात. तिचे तळपाय बघा, तिथेही असतील. पाणी उकळत असाल तर उपयोग नाही. उकळून हे जात नाही, उलट पाणी आटतं आणि ते वाढतं. नव्या बोअरचं थेंबभरही देऊ नका. तुम्ही कुठल्या भागात राहता? जवळ चांगलं पाणी कुठे मिळेल ते लगेच सांगतो."

तिने ते दोनदा वाचलं. मग तिने आपल्या भागाचं नाव लिहिलं, खरंखुरं, आणि पाठवून दिलं.

उत्तर येईना. चहा आला, निवला, त्यावर साय धरली. ती पडद्याकडे बघत राहिली. अशी कुणाच्या उत्तराची वाट तिने कधी पाहिली नव्हती.

"उचलला!" पलीकडून साहेब ओरडले.

घरी येताच तिने मुलीचे मोजे काढले. तळपायांवरही ठिपके होते. ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि पातेलं मोरीत पालथं केलं.

"अगं, आत्ताच उकळलंय ते!"

"आई, उकळून उपयोग नाही. हे पाणीच प्यायचं नाही आता."

"कोणी सांगितलं?"

"डॉक्टरांनी." तिला दुसरं काही सुचलं नाही. "उकळल्याने उलट वाढतं म्हणाले."

सासूबाई नातीचा पाय मांडीवर घेऊन बसल्या. एरवी सगळ्या इमारतीला ऐकू जाणारा त्यांचा आवाज एकदम बारीक झाला.

"म्हणजे मी रोज हिला…" त्यांनी पदराने तो तळपाय पुसून पाहिला. "उद्याच नेऊ गं हिला त्यांच्याकडे. कधी बसतात ते?"

"आता बसत नाहीत."

"कधीपासून?"

"आजपासून," सून म्हणाली.