चार स्क्रू

"अण्णा, ह्याला स्क्रू कुठं हाईत?" गुंडूनं मिक्सर तिसऱ्यांदा उलटा केला.

"नाहीत."

"न्हाईत म्हंजे? वाटंत पडलं काय?"

"काढले. पर्यावरणासाठी."

घरी सगळं बरं आहे ना, असं विचारावं की नको, या विचारात गुंडू हयवदनांकडे बघत राहिला.

हयवदन बंगळूरच्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या मिक्सरच्या कारखान्यात सव्वीस वर्षं आराखडे काढत होते. सही करण्याआधी नव्या मॉडेलचा नमुना पिशवीत घालून बसवनगुडीच्या फुटपाथवर गुंडूकडे न्यायचा, हा त्यांचा नेम. निपाणीकडच्या या मेकॅनिकनं तो पाच मिनिटांत उघडला तर सही, नाहीतर आराखडा पुन्हा. हा नेम कंपनीच्या कुठल्याच नियमात नव्हता, म्हणून टिकला होता.

यंदा संहिता आली. पुण्याची, हुशार, पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारी विभागाची प्रमुख. विभागात ती एकटीच.

"सर, चार स्क्रू म्हणजे अकरा ग्रॅम स्टील. इन्टू दोन लाख मिक्सर. इमॅजिन करा!"

हयवदनांनी इमॅजिन केलं. "आणि आतले मोटरचे ब्रश झिजले की अख्खा मिक्सर टाकायचा, त्याचं वजन?"

"ते कस्टमरच्या घरी होतं, सर. आपली हिशेबाची शीट फॅक्टरीच्या गेटपर्यंतच आहे." मग तिलाच वाईट वाटलं असावं. "कुणाकडून तरी उघडून बघा. फुटला, तर मी स्वतः मीटिंगमध्ये स्क्रू परत मागते."

म्हणून आज हयवदन गुंडूच्या स्टुलावर बसले होते. गुंडूनं चिकटवलेल्या सांध्यात पातळ पातं सरकवलं, स्वल्प दाबलं. काड्कन आवाज झाला आणि बूड दुभंगलं.

"माझ्या हातनं असं कधी झालं न्हाई, अण्णा," गुंडू खालमानेनं म्हणाला.

"फार छान झालं!" हयवदन म्हणाले आणि तुकडे घेऊन जवळजवळ पळतच निघाले.

संहितेनं शब्द पाळला. मीटिंगमध्ये तुकडे टेबलावर मांडून ती म्हणाली, "हा उघडताना फुटतो." अर्धा तास गंभीर चर्चा झाली आणि ठरलं, की बुडावर तीन भाषांत 'उघडू नये' असं छापावं. शिवाय ज्यांची कामं जातील त्या मेकॅनिकांना कंपनीनं वाऱ्यावर सोडू नये. त्यांना 'संकलन साथी' करावं. बंद पडलेले मिक्सर गोळा करायला एक हिरवी पेटी आणि एक टी-शर्ट. यादीत पहिलं नाव संहितेनं हयवदनांना विचारून घातलं, गुंडूचं. अगदी मनापासून.

हयवदनांनी सही करण्याआधी आराखडा पुन्हा वाचला. त्यात चूक एकही नव्हती. त्यांनीच काढला होता.

दिवाळीनंतर एका संध्याकाळी ते फुटपाथवर गेले. गुंडू हिरव्या टी-शर्टात होता. समोर भागुबाई म्हणून गल्लीतलंच एक गिऱ्हाईक, नवा मिक्सर कडेवर घेतल्यासारखा धरून.

"नुसता घर्रघर्र करतो, गुंडूअण्णा. स्वल्प उघडून बघा ना. तुम्हाला काय अवघड?"

गुंडूनं हयवदनांना पाहिलं.

"ह्यातलं मला काय येत न्हाई, अक्का," तो म्हणाला.

भागुबाई मिक्सर तिथंच ठेवून पुटपुटत गेल्या. गुंडूनं फडक्यानं मिक्सरवरची वाळलेली चटणी पुसली, वायरीचं नीट वेटोळं करून बांधलं आणि आवाज होऊ न देता मिक्सर पेटीत ठेवला.