नंबर मुलाच्या पाठीवर

"वहिनी, पोरीला नाच शिकव, नको कोण म्हणतंय? पण जोडीच्या स्पर्धेत घालू नकोस. तिथे मुलगे मोजके आणि मुली ढीगभर. मुलगा नवरदेव होऊन बसतो आणि मुलीच्या आईला कायमचं वधुपक्षात उभं राहावं लागतं."

नणंद कॉलेजात असताना स्वतः बॉलरूम, म्हणजे जोडीने करायचा विलायती नाच, नाचली होती. तरी बारकीच्या आईने ते या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडून दिलं. नणंदेला कुठे पदक मिळालं होतं, तिला द्राक्षं आंबटच लागणार, असं मनाशी म्हणत तिने नऊ वर्षांच्या बारकीचं नाव क्लासात घातलं.

वर्षभर जोडीदारच मिळेना. मग एका मुलाची जोडीदारीण त्याच्यापेक्षा उंच झाली, म्हणून तिला काढलं आणि बारकीची वर्णी लागली. चाचणी मुलाच्या आईने घेतली. बारकीला उभं केलं, चालवलं, हसवून दात पाहिले. त्या दिवसापासून घरात त्या पोराला जावईबापू आणि त्याच्या आईला विहीणबाई ही नावं पडली. "मानपान काय ठरलं?" बारकीच्या बाबांनी विचारलं. बारकीची आई हसली नाही.

या खेळाची रीत मोठी गमतीची. सगळ्या जोड्या एकदम फरशीवर सोडतात. कडेला परीक्षक कागद घेऊन उभे, तोंडं अशी की कुणी पुढ्यात उष्टं वाढलंय. गाणं संपेपर्यंत एका जोडीच्या वाट्याला त्यांची नजर येते ती चहाचा घोट घेण्याइतकी. तेवढ्यात मान ताठ, कोपर उंच आणि हसू दिसलं की कागदावर खूण. ज्यांना खुणा जास्त त्या जोड्या पुढच्या फेरीत. अंतिम फेरीत मात्र क्रमांक लावतात, आणि निम्म्याहून जास्त परीक्षक ज्यांना पहिलं म्हणतील ते पहिले. हेच परीक्षक एरवी याच पोरांच्या खासगी शिकवण्या घेतात. शिकवणारा तोच, पेपर तपासणारा तोच. याला तिथे अनुभव म्हणतात. नंबराचा कागद फक्त मुलाच्या पाठीला टाचलेला. मुलीला नंबरच नाही.

बारकीची आई मुळात डोळ्यांत तेल घालून जगणारी. ती परीक्षक वाचायला शिकली. कुणाची मान कुठे वळते, कुणाचं पेन कधी हलतं, सगळं टिपायची. बारकीचं काय, ती तर हसतेच आहे. हसण्याचा क्लासात वेगळा तास असे. "पाय चुकला तरी चालेल," मास्तर म्हणत, "दात झाकले तर नाही चालणार."

एका स्पर्धेच्या उपांत्य फेरीत जवळचे परीक्षक पाठ फिरवून दुसऱ्याच जोडीकडे बघत राहिले. आईला वाचायला काही उरलं नाही, म्हणून तिने बारकीकडे पाहिलं. गिरकी घेताना पोर डावी टाच टेकवतच नव्हती.

कपडे बदलायच्या खोलीत तिने बारकीचा बूट काढला. घोटा कुठे संपतो आणि पाऊल कुठे सुरू होतं, ते कळेना.

"कधीपासून?"

"काही नाही गं." बारकी हसत होती.

"बारके, इथे परीक्षक नाहीत. दुखतंय?"

"काल मुरगळला. पण तूच म्हणालीस ना, मी बसले तर त्याची आई दुसरी आणेल." डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ओठ काही मिटत नव्हते.

तेवढ्यात विहीणबाई आल्या. "अंतिम फेरीत घेतलंय. घट्ट पट्टी बांधा. आमची आधीची तापात नाचली होती."

"ही नाचणार नाही."

"अहो, थोडक्यात आटपतं. मुलींना सोसायची सवय असलेली बरी."

"मग मुलाला लावा ती सवय. नाचू दे एकटा."

"एकट्याला कोण बघेल?"

"नंबर त्याच्याच पाठीवर आहे. आमच्या पोरीला तरी कोण बघत होतं?"

जावईबापू दारात उभे होते. "काकू, मी हिच्याजवळ बसू?"

विहीणबाईंनी त्याचा टाय सरळ केला आणि त्याला दंडाला धरून बाहेर नेलं.

बारकीच्या पायाला प्लास्टर बसलं. ते निघायच्या आतच क्लासच्या फोटोत जावईबापूंच्या हातात नवी मुलगी होती, पुढचा दात पडलेली, बारकीहून लहान. तिच्या आईशी बोलायचंय म्हणून बारकीच्या आईने मास्तरांना फोन केला. "ताई, असं जळू नये," म्हणून त्यांनी ठेवून दिला. त्या मुलीच्या आईचा पत्ता कुणी देईना.

तेव्हा बारकीच्या आईची विनंती आता तुम्हाला आहे. अशा एखाद्या हॉलकडे तुमचं जाणं झालं, तर ती पोर शोधा. टाळ्या राहू द्या. विहीणबाई जवळ नाहीत असं बघून तिला बाजूला घ्या आणि विचारा, कुठे दुखतंय का. ती हसून नाही म्हणेल. लगेच उठू नका. तिचं हसू उतरेपर्यंत बसा तिच्यापाशी.