राजाचे पाय

आमच्या टोमॅटोच्या वावरात जुन्या काळी पुरलेला राजा सापडला आणि माझ्या सासूबाईंना वाटलं, आता नातीचं भलं होणार. माझी सृष्टी अडीच वर्षांची झाली तरी उभीसुद्धा राहत नव्हती. नाशिकच्या डॉक्टरांनी हात टेकले होते. एरवी मी देवाधर्मावरून बयाबाईंशी, म्हणजे सासूबाईंशी, कडाकडा भांडायची. पण लेकरापुढे माझाही तोरा उतरला होता.

गावच्या शिवेवर पाऊलदेव आहे. देव कसला, शेंदूर फासलेला दगड! उशिरा चालणारं मूल त्याच्यापुढे नेऊन बसवायचं, ही आमच्याकडची रीत. सृष्टीलाही कितीदा बसवलं, काही उपयोग झाला नाही.

उत्खनन करणाऱ्या मंजुषा मॅडम आमच्या ओट्यावर चहाला यायच्या. त्यांनी सांगितलं, राजाला मोठ्या रांजणात बसवून पुरलंय, गळ्यात तांब्याचे मणी आहेत, पण पाय घोट्यापासून तोडलेले आहेत. भोवती लहान लहान मडकी, आणि प्रत्येकात एकेका लेकराची हाडं.

"पाय का तोडले?" मी विचारलं.

"मेलेला परत येऊ नये म्हणून तोडत असावेत."

"आणि ती लेकरं?"

"साथ आली असेल," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. मला त्यांचं बोलणं अजिबात आवडलं नाही.

सासूबाईंनी यातलं एवढंच ऐकलं, की राजाला पाय नाहीत; पाऊलदेवाखाली असणार ते त्याचेच पाय, असं त्यांच्या मनानं घेतलं. दुपारी सगळे जेवायला गेल्यावर त्यांनी पाऊलदेवाचा दगड सरकवला आणि खुरप्यानं खाली उकरलं. मडकं निघालं. मडक्यात पायांची हाडं होती. त्यांनी ती पदरात घेतली, हळदकुंकू वाहिलं आणि नेऊन रांजणात ठेवली. राखणीला बसलेला कोंडाजी त्यांच्याहून भाविक; त्यानंच खड्ड्यावरची ताडपत्री वर धरली.

"त्याचे पाय त्याला देऊन आले," घरी येऊन त्या म्हणाल्या. "आता तो आपल्या पोरीला तिचे देईल. देव कुणाचं ठेवून घेत नाय."

"अहो आई, तो देव नाही! कशासाठी तोडले होते पाय, ऐकलं नाही का तुम्ही?" मी ओरडले.

तेवढ्यात सृष्टी गोधडीवरून उठली. कशाला न धरता उठली आणि चालायला लागली.

सासूबाई रडायला लागल्या. मीही रडले, खोटं कशाला बोलू? त्या क्षणी मला राजा, देव, सगळे प्यारे झाले. मी खाली बसून दोन्ही हात पसरले.

ती माझ्याकडे आली नाही. माझ्या बाजूनं गेली, उंबरा ओलांडला, अंगण ओलांडलं आणि वावराची वाट धरली. कधी पाऊल न टाकलेलं पोर एकदाही अडखळलं नाही. मोठ्या माणसाचं बोट धरून चालावं तसा तिचा एक हात वर होता, मूठ घट्ट मिटलेली. शेजारी कुणीच नव्हतं.

मी धावत जाऊन तिला उचललं. तिचे पाय हवेतही चालतच राहिले. आणि ती वर धरलेली मूठ मला काही केल्या सोडवता येईना.