केसपेपरची पुठ्ठ्याची खिडकी

मित्रांनो, मी एक जुनी खिडकी आहे. तशी दोनच वर्षांची, पण पुठ्ठ्याच्या मानाने म्हातारीच म्हणायची! फ्रिजच्या रिकाम्या खोक्यातून माझा जन्म झाला.

या दवाखान्यातली केसपेपर काढायची खरी खिडकी फार उंच आहे. तिथे टाचा उंचावून, मागच्या रांगेलाही ऐकू जाईल अशा आवाजात आपलं दुखणं सांगावं लागतं. शिवणकाम करणाऱ्या एक मावशी लाजेने तशाच घरी परतल्या होत्या. हे कळल्यावर सिस्टर, कारकूनदादा, मावशी आणि दोन डिझाइनर, बसून बोलता येईल अशा नव्या खिडकीचा नमुना करायला तीन दिवस एका खोलीत एकत्र बसले. त्यांची रीतच न्यारी! चर्चेचं गुऱ्हाळ नाही. सकाळी सुचलं की दुपारी पुठ्ठा कापायचा, संध्याकाळी कुणाला तरी समोर बसवून पाहायचं, चुकलं की पुन्हा कात्री. मला भारी राग यायचा. कालची माझी सुंदर कमान आज केराच्या टोपलीत!

शेवटच्या दिवशी मावशी माझ्यासमोर खुर्चीवर बसल्या. आधी डावीउजवीकडे पाहून घेतलं.

"बाजूला थोडा आडोसा करता येईल का?" त्यांनी विचारलं.

सिस्टरनी लगेच दोन्ही बाजूंना पुठ्ठे चिकटवले. मग मावशी हळूहळू बोलू लागल्या आणि सगळं सांगून मोकळ्या झाल्या. कारकूनदादांचा आवाजही आपोआप खाली आला.

"अहो मावशी, इतके दिवस अंगावर काढलंत?"

"सगळ्यांदेखत कसं सांगणार, दादा?"

त्या दिवशी मला स्वतःचा फार अभिमान वाटला.

मग मोठे साहेब आले. "वा! हिला नीट जपून ठेवा," म्हणाले. टाळ्या झाल्या, फोटो झाले आणि माझी रवानगी दाराजवळच्या काचेच्या कपाटात झाली. खरी खिडकी बदलायचं मात्र राहूनच गेलं. नुसतं कौतुक घेऊन काय चाटायचंय?

परवा एक तरुण मुलगी त्या उंच खिडकीशी काहीतरी पुटपुटली.

"मोठ्याने बोल गं, ऐकू येत नाही!" आतून कारकूनदादा ओरडले. हो, तेच दादा!

सगळी रांग तिच्याकडे पाहू लागली. मुलगी मान खाली घालून माझ्या समोरून निघून गेली. मला रडू आलं.

मित्रांनो, मला जपू नका. ही काच उघडा आणि मला टेबलावर नेऊन ठेवा. लोकांच्या कोपरांनी, घामाने मी महिन्याभरात फाटेन. फाटू द्या. तोवर कुणीतरी आपलं दुखणं हळू आवाजात सांगून गेलेलं असेल.